काँक्रीट मुरवणाऱ्या बाई

साखर कारखान्यात बॉयलरचे अग्निप्रदीपन चालू होते. गुरुजींनी संकल्पासाठी चेअरमनसाहेबांच्या तळहातावर पळीभर पाणी सोडले होते. त्यांच्या पत्नी शेजारच्या पाटावर बसून पतीच्या हाताला हात लावून होत्या. मागे संचालक मंडळ मांडी घालून बसले होते. आणि नेमक्या त्याच क्षणी या सर्वांच्या खालची सतरंजी कोणीतरी ओढू लागले.

ओढणारी व्यक्ती म्हणजे आमच्या विभागप्रमुख. निवृत्तीला आलेल्या, उंचीने बेताच्या, पदर कमरेला खोचलेला, नाकातोंडावर पांढरी मुखपट्टी. सतरंजीचे दुसरे टोक माझ्या हातात होते. त्यांनी मला काहीही समजावून सांगितले नव्हते. "धर," एवढेच म्हणाल्या होत्या आणि मी धरले होते.

तो धक्का अजून पुरता ओसरलेला नाही. बाईंच्या हाताखाली मी बरीच वर्षे काढली आणि त्या काळात माझा आ वासला गेला नाही असा आठवडा मला आठवत नाही. तरीही सतरंजीचा प्रसंग वेगळा काढून ठेवावा लागतो. तो नीट कळायचा तर आधी बाई कळल्या पाहिजेत, आणि बाई कळायच्या तर थोडे काँक्रीट कळले पाहिजे. वाचकांनी घाबरू नये. मी शिक्षक आहे. जमेल तितके सोपे करून सांगेन.

बाई सांगलीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात काँक्रीट शिकवत. मूळच्या कुंडलजवळच्या एका गावच्या. वर्गात बोलत ते शुद्ध आणि सावकाश. संतापल्या की कुंडलचे बोलत. त्यांना 'मॅडम' म्हटले की त्या मागे वळून पाहत, जणू मॅडम नावाची दुसरीच कोणी खोलीत आली आहे. म्हणून शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना 'बाई' म्हणत.

मी रहिमतपूरचा. घरात शाळामास्तरकी, त्यामुळे पट्टीने समास आखल्याशिवाय वहीत तारीखसुद्धा लिहायची नाही, ही शिस्त. मुलाखतीला गेलो तेव्हा सगळी उत्तरे पाठ होती. बाईंनी विचारले, "काँक्रीट वाळायला किती दिवस लागतात?"

मी पुस्तकातला आकडा सांगितला.

बाई समितीतल्या इतरांकडे वळून म्हणाल्या, "पोरगं पापड करून आलंय." मग माझ्याकडे पाहून, "वाळतं ते वाळवण. काँक्रीट मुरतं, लोणच्यासारखं. सिमेंट आणि पाण्याचं आत जे चाललेलं असतं, त्याला ओल लागते. ओल संपली की ते काम थांबतं. वरून कडक झालेलं दिसतं, आणि आपण म्हणतो, झालं. काही झालेलं नसतं."

नोकरी गेली असे धरून मी घरी परतलो. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. "सोमवारी ये. येताना जुना टॉवेल आण. मोठा."

टॉवेलचे प्रयोजन आठवड्यातच उघड झाले. बाईंच्या स्कूटरच्या डिकीत कायम ओले गोणपाट असे. रस्त्याच्या कडेला कुठे ताजा खांब उघडा दिसला की स्कूटर थांबे. मालक कोण, ठेकेदार कोण, ही चौकशी त्यांनी कधी केली नाही. मिरजेच्या रस्त्यावर एका भर उन्हाळ्याच्या दुपारी त्या मला मागे बसवून निघाल्या होत्या. आदल्या दिवशी साचा सोडलेला एक खांब नागवा उभा होता आणि सावलीत मालक बसला होता, सैन्यातून निवृत्त झालेला हवालदार. बाईंनी त्याच्या शेजारचा पाण्याचा जार उचलला आणि खांबावर रिकामा केला.

"आवं बाई! प्यायचं पानी हाय त्ये!"

"तुम्ही संध्याकाळी प्या. त्याला आत्ता तहान लागलीय."

"पर तुमी कोन?"

"मी ह्याची मावशी," बाई खांबाला हात लावून म्हणाल्या. माझ्याकडे वळून, "टॉवेल काढ."

हवालदार उठून उभाच राहिला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याने पुष्कळ काही पाहिले असणार. पण आपल्या खांबाला कोणी टॉवेल गुंडाळताना पाहिले नसावे. मीही पाहिले नव्हते, आणि गुंडाळत तर मीच होतो.

दर वर्षी त्यांचा पहिला तास ठरलेला असे. टेबलावर काठोकाठ ज्वारीने भरलेले मापटे. "भरलं?" वर्ग म्हणे, "भरलं." बाई त्यात तीळ ओतत, मापटे हलवत, तीळ खाली गडप होत. "आता?" वर्ग सावध होई. मग त्या वरून तांदळाची पिठी सोडत, तीही मुठीने आत जाई.

"सिमेंटचे कण म्हणजे ही ज्वारी समजा," त्या सांगत. "दाण्यादाण्यांत पोकळी राहतेच. बाहेरचं पाणी, मीठ, आम्ल तिथून शिरतं आणि आतली सळई खातं. त्या पोकळीत बसेल इतका बारीक कण गिरणीत दळून मिळत नाही. तो धुरात मिळतो."

सिलिकॉनचे मिश्रधातू करणाऱ्या भट्टीच्या धुराड्यातून जो धूर निघतो, तो गाळून धरला की करडी, पिठाहून मऊ पूड हाती येते. तिला सिलिका फ्यूम म्हणतात. सिमेंटच्या कणाच्या साधारण शंभराव्या हिश्शाइतका तिचा कण. बाई तिला नुसते 'धूर' म्हणत, आणि ती हाताळताना मुखपट्टी लावत. मुले हसत. "ज्याला सिमेंटमध्ये जागा सापडते," त्या म्हणत, "त्याला तुमच्या छातीत सापडणार नाही होय?"

पण खरा धक्का तासाच्या शेवटी असे. बाई पर्समधून पानाचा डबा काढत. पानाला चुना लावत, काथ लावत, शांतपणे पान तोंडात घालून चावत, आणि मग सगळ्या वर्गापुढे जीभ बाहेर काढून दाखवत. लालभडक. पहिल्या वर्षी मागच्या बाकावर बसून तो तास पाहताना माझ्या हातातली लेखणी खाली पडली होती.

"हा रंग पानात होता? चुन्यात होता? काथात होता? कुठंच नव्हता. भेटल्यावर झाला. सिमेंटला पाणी मिळालं की चिकटपणा येतो, पण सोबत चुनाही सुटतो. हा चुना आयतोबा. भार उचलत नाही, आणि आम्ल आलं की पहिला तोच विरघळतो. धूर त्या आयतोबाला कामाला लावतो. दोघं मिळून तिसराच चिवट पदार्थ होतो. कण बसला म्हणून जागा भरली, आणि चुना संपला म्हणून दुखणं गेलं. धुराची ही दोन कामं. लिहून घ्या."

यावरून कोणी समजेल की त्या धुराच्या आंधळ्या भक्त होत्या. एकदा त्यांच्याच गावचे सरपंच प्रयोगशाळेत आले. स्मशानभूमीत दहनासाठी बाईंच्या धुराच्या काँक्रीटचा चौथरा हवा होता. "आसा मजबूत करा बाई, की नातवंडांस्नी बी बघाय नगं."

बाईंनी हातातली थापी खाली आपटली. "फुटंल त्यो. मढ्याबरोबर आलेल्या मान्सांच्या अंगावर टवकं उडत्याल."

सरपंचांचा चेहरा पडला. मग बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि वर्गातल्या भाषेत समजावले. साध्या काँक्रीटला बारीक वाटा असतात. आग लागली की आतल्या ओलीची वाफ त्या वाटांनी निघून जाते. धुराचे काँक्रीट इतके दाट की वाफेला बाहेर पडायला जागाच नाही. ती आत कोंडते आणि शेवटी वरचा थर उडवून लावते. "तिथं भट्टीची वीट लावा. लोणचं चांगलं मुरलंय म्हणून दुधात घालता का?"

सरपंच गेल्यावर मी म्हणालो, "बाई, आपल्याच गावाला नाही म्हणालात?" त्या म्हणाल्या, "आपल्या गावाला होय म्हणून मारू?"

आता कारखाना.

उसाचा रस फरशीवर सांडला की आंबतो. आंबला की आम्ल होते, आणि ते आम्ल काँक्रीटमधला चुना खाते. या भागातल्या कोणत्याही साखर कारखान्यात ऊस पिळणाऱ्या गिरणीखालची जमीन पाहावी. वरचा थर झिजून खडी दातांसारखी वर आलेली दिसते. दर हंगामानंतर तिला ठिगळे लावायची, हा रिवाज. बाई कितीतरी वर्षे कारखान्यांना सांगत होत्या की इथे धुराचे काँक्रीट घाला. एक कारखाना अखेर तयार झाला. अट एकच होती. गाळपाचा हंगाम सुरू व्हायच्या आत फरशी पूर्ण व्हायला हवी, आणि ती बिघडली तर बाईंनी पुन्हा त्या दारात यायचे नाही.

फरशीचे काम पलूसकडच्या एका मिस्त्रींकडे होते. पन्नाशी ओलांडलेले, अंगाने वाळके, डोक्याला टापशी. आजूबाजूच्या सगळ्या कारखान्यांत त्यांनी घातलेल्या फरशा. फरशी घोटायचा पाटा असा फिरवत की ओल्या फरशीत वरच्या दिव्याचे प्रतिबिंब न थरथरता दिसे. काम मिळायचे ते या हाताच्या नावावर. एका कारखान्याने नाव काळ्या यादीत टाकले की दुसरा फाटकाच्या आत घेत नाही, हे त्यांना ठाऊक होते आणि आम्हालाही.

काँक्रीट ओतायच्या, म्हणजे ढाळ्याच्या, दिवशीच अग्निप्रदीपनाचा मुहूर्त निघाला. आश्विनातले ऊन, शेडच्या दोन्ही बाजू उघड्या, आणि मोकळ्या रानावरून येणारे कोरडे वारे. बाई मिक्सरपाशी मुखपट्टी लावून उभ्या होत्या. धूर किती, पाणी किती, मिश्रण सैल करणारे द्रावण किती, हे त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाती दिले नाही. माझ्याकडे चाचणीचे ठोकळे भरायचे काम. मिस्त्रींनी दारालगतचा पहिला पट्टा ओतला, दाबला, पातळीत आणला. मग माणसांना शेजारचा दुसरा पट्टा ओतायला लावून पाटा बाजूला ठेवला, उकिडवे बसले आणि तंबाखू मळू लागले.

ज्यांनी फरशी होताना पाहिली आहे त्यांना हे बसणे ओळखीचे असेल. काँक्रीट ओतून सारखे केले की जड कण खाली बसतात आणि थोडे पाणी वर येते. फरशी चकाकते. ती चकाकी ओसरली की पाटा मारायचा. त्याआधी मारला तर वरचा थर कच्चा राहतो. घाई न करणे ही मिस्त्रींच्या हाताची खूण होती, आणि ते घाई करत नव्हते.

बाई मिक्सरकडून आल्या. फरशी निस्तेज, करडी पडली होती.

"मिस्त्री, का बसलाय?"

"पानी वर यायाची वाट बघतोय, बाई. येळ लागतोय जरा. थंड डोस्क्याचं दिसतंय तुमचं काँक्रीट."

बाईंनी मुखपट्टी खाली ओढली. मी त्यांना अनेकदा संतापलेले पाहिले होते. घाबरलेले त्या क्षणी प्रथम पाहिले.

"यायाचं न्हाई," त्या म्हणाल्या. "पानी यायाचंच न्हाई, मिस्त्री. ह्यात धूर हाय. त्यो पानी धरून ठेवतो. वर काय बी येत न्हाई."

मिस्त्रींच्या तळहातावरची तंबाखू तशीच राहिली. "मग हे... हे आसंच वाळतंय व्हय इतका येळ?"

साध्या काँक्रीटवर निदान पाण्याचे पांघरूण तरी येते. इथे वर काहीच नव्हते आणि वारा थेट फरशीची ओल पीत होता.

"थोडं शिपडू का वरनं?"

"नगं! शिपडून पाटा मारलासा तर वरचं पापुद्र्यावानी निघंल. दुसऱ्या पट्ट्याला लगेच पाटा मारा. आत्ता. मागनं झाकायचं. गोणपाटं कुठायत?"

गोणपाटे आम्ही मागवली होती. ती भांडारात होती, भांडाराला कुलूप होते, आणि किल्ली ज्यांच्या खिशात होती ते भांडारपाल बॉयलरपाशी पूजेच्या गर्दीत कुठेतरी बसले होते. बाई निघाल्या. मी मागे. मला वाटले, किल्ली मागायला चालल्या आहेत. त्यांनाही बहुधा तसेच वाटत असावे. पण बॉयलरसमोर पोहोचताच त्यांची नजर खाली गेली, आणि त्यांना दिसली ती लांबरुंद, जाड, सुती, भरपूर पाणी पिणारी सतरंजी.

"धर."

चेअरमनसाहेबांचा पाट वीतभर सरकला. तळहातावरचे संकल्पाचे पाणी धोतरावर सांडले. गुरुजी मंत्र म्हणता म्हणता थांबले. मला पायाखालची जमीन सरकल्यासारखे वाटले. वास्तविक सरकत होती ती त्यांच्या खालची.

"आवं साहेब, उठा जरा," बाई म्हणाल्या. "फरशी चाललीया."

"कुठं चाललीया?" चेअरमनसाहेबांनी विचारले.

उत्तर द्यायला बाईंना वेळ नव्हता. तेव्हा चेअरमनसाहेबांच्या पत्नी शांतपणे उठल्या, पाट उचलून कडेला घेतला आणि म्हणाल्या, "उठा की आता. बाईमानूस पदर खोचून आलीया म्हंजी कायतरी पेटलंच आसंल." संचालक एकेक करून उठले. काही जणांनी तर सतरंजीची घडी घालायला हात लावला.

ती सतरंजी हौदात बुचकळून आम्ही दुसऱ्या पट्ट्यावर पसरली. मग भांडारपाल धावत आले, गोणपाटे आली, उरलेले पट्टे नीट झाले. फक्त पहिला पट्टा हातचा गेला. मिस्त्री त्याच्या कडेला वाकून पाहत होते. मांजराने नखांनी ओरबाडावे तशा बारीक रेघा त्यावर उमटल्या होत्या.

आठवड्याने ठोकळे दाबून पाहिले. यंत्राचा काटा जिथवर गेला तिथवर आमच्या प्रयोगशाळेत तो क्वचितच गेला असेल. तो निकाल घेऊन आम्ही कारखान्यात पोहोचलो. गिरणीखाली चेअरमनसाहेब आले होते, कारखान्याचे मुख्य अभियंते होते, आणि खांबाला टेकून मिस्त्री उभे होते.

मुख्य अभियंत्यांनी निकाल पाहिला. "उत्तमच आहे. त्या रेघांवर सिमेंटचा पातळ घोळ फिरवू आणि विषय संपवू. मिस्त्रींना मात्र उद्यापासून फाटक बंद. वेळेवर पाटा मारला नाही. एवढ्या अनुभवी माणसाला हे कळू नये?"

"सायब," मिस्त्री म्हणाले, "म्या काय आज पाटा धरला का? जल्मभर जसं केलं तसंच केलं." त्यांनी टापशी काढून हातात घेतली. "फाटक बंद केलंसा तर मला दुसरं कोन दारात हुबं करनार हाय?"

बाईंनी एक तांब्या पाणी मागवले. सतरंजीने झाकलेल्या पट्ट्यावर थोडे ओतले. ते तसेच फुगून राहिले, अळवावर राहते तसे. उरलेले त्यांनी पहिल्या पट्ट्यावर ओतले. आमच्या डोळ्यांदेखत रेघा काळ्या झाल्या आणि पाणी दिसेनासे झाले.

"हा उसाचा रस समजा," त्या म्हणाल्या. "ठोकळ्यांना आम्ही पाण्यात निजवलं होतं. ते पास होणारच. फरशीला वाऱ्यावर सोडलं होतं. घोळ फिरवलात तर ह्या रेघा झाकतील, मिटणार नाहीत. हंगाम संपेपर्यंत खालची सळई गेलेली असेल. फोडायला पाहिजे हा पट्टा."

"बाई, हंगाम तोंडावर आलाय!" मुख्य अभियंत्यांचा आवाज चढला. "आणि हे काँक्रीट इथं असावं म्हणून इतकी वर्षं मागं लागला होतात ना तुम्ही?"

"म्हणूनच."

कोपऱ्यात घण होता. कोणाला काही कळायच्या आत बाईंनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि पट्ट्यावर घातला. घण ठणकन वाजून उलटा उसळला आणि त्यांच्या हातून निसटला. फरशीवर पांढरा ठिपका तेवढा उठला. मी धावलो. बाई मनगट धरून उभ्या होत्या आणि, माझा विश्वास बसेना, त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते.

"बघितलंत, कसलं भारी झालंय," त्या मला हळूच म्हणाल्या.

मग त्या चेअरमनसाहेबांकडे वळल्या. "साहेब, चूक मिस्त्रींची नाही. ह्या काँक्रीटला पाणी वर येत नाही, हे मी इतकी वर्षं वर्गात सांगत आले. ज्यांच्या हातात पाटा कधीच येणार नाही अशा पोरांकडून पाठ करून घेतलं. आणि ज्यांच्या हातात पाटा होता त्यांना सांगायचं राहिलं. ह्यांनी जे केलं ते बरोबरच होतं, फक्त ह्या काँक्रीटला नव्हतं. फाटक बंद करायचं तर मला करा."

एवढ्या मोठ्या बाई, आणि मिस्त्रीसमोर, चार माणसांत! मी पुस्तकांवर वाढलेला माणूस. चूक कबूल करण्यावर निबंध लिहून बक्षीस मिळवलेले. ती कबूल करताना कशी दिसते, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

मिस्त्री पुढे आले. त्यांनी घण उचलला. "सरा बाई बाजूला. तुमच्यानं न्हाई हुयाचं. फोडायचं बी माज्याच हातनं हुंद्या." त्यांनी घण सपाटीवर घातला नाही, रेघ शोधली, छिन्नी लावली आणि घाव घातला. रेघेवरून तुकडा उकलला. आतला काठ खोलवर ओला होता.

चेअरमनसाहेबांनी वाकून त्या काठाला बोट लावले. "सतरंजी गेली," ते म्हणाले, "आता फरशी बी जाऊ द्या. मिस्त्री, फाटक उगडं हाय. पर हंगामाच्या आत पायजे."

नवा ढाळा पडायच्या आदल्या दिवशी बाईंनी मिस्त्रींच्या सगळ्या माणसांना शेडमध्ये गोल बसवले. ज्वारीचे मापटे आले. तीळ आले, पिठी आली. पान आले, जीभही आली. बायामाणसे पदर तोंडाला लावून हसली, पण पाणी वर का येत नाही ते एकेकाला पटले. नंतर मिस्त्री उठले आणि त्यांनी आपल्या पद्धतीने तेच दोन वाक्यांत सांगितले: "पानी येनार न्हाई. वाट बघत बसला त्याला मी बघून घीन."

ढाळ्याच्या दिवशी सकाळी भिजवलेल्या गोणपाटांची पिंपे ओळीने मांडलेली होती. पाटा पुढे आणि पांघरूण मागोमाग, असे काम चालले. काम संपता संपता चेअरमनसाहेब आले. आपल्याकडे कोणाचा मान करायचा तर शाल आणि नारळ. त्यांनी ते सोबत आणले होते. चांगली जरीकाठी, मऊ लोकरीची शाल त्यांनी बाईंच्या खांद्यावर घातली. टाळ्या वाजल्या. बाईंनी नमस्कार केला. नमस्कार करताना त्यांची मान वळली, कारण भिंतीलगतच्या शेवटच्या कोपऱ्यात गोणपाट पुरले नव्हते.

पुढे काय होणार हे मला कळायला हवे होते. इतक्या वर्षांनंतर तरी! पण बाईंनी शाल खांद्यावरून काढून पिंपात बुचकळली तेव्हा माझ्या तोंडून "अहो!" निघालेच.

"बाई, शाल हाय ती!" चेअरमनसाहेब म्हणाले.

"व्हय साहेब. लोकरीची हाय. ओल लय येळ धरंल."

त्यांनी ती मिस्त्रींच्या हाती दिली. मिस्त्रींनी क्षणभर चेअरमनसाहेबांकडे पाहिले. साहेबांबरोबर आलेल्या त्यांच्या पत्नीने तोंडाला पदर लावला होता, हसू आवरेना. मग मिस्त्रींनी शाल झटकली आणि कोपऱ्यावर पसरली, जरीचा काठ भिंतीकडे करून.

हंगाम वेळेवर सुरू झाला. ती फरशी अजून आहे. बाई निवृत्त होऊन गावी गेल्या. त्यांचा पहिला तास आता मी घेतो; मापट्यापर्यंत जमते, जीभ काढणे अजून जमलेले नाही.

यंदा विद्यार्थ्यांना घेऊन मी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका नव्या कारखान्याची फरशी दाखवायला गेलो होतो. तिथेही धुराचे काँक्रीट. मिस्त्री आता पाटा धरत नाहीत. खुर्ची टाकून बसतात आणि ओरडतात. "आरं वाट काय बघतूयास गड्या, त्याला पानी येत न्हाई! झाक, झाक!" ओळीने ओली गोणपाटे पडत होती. दाराजवळच्या पहिल्या तुकड्यावर मात्र गोणपाट नव्हते. तिथे काहीतरी विटके, सिमेंटने कडक झालेले, ठिकठिकाणी रफू केलेले वस्त्र होते, आणि त्याच्या एका काठाला काळी पडलेली जर होती.

मी जागीच थबकलो. विद्यार्थी विचारू लागले, सर, काय झालं?

"पयला मान तिचा," मिस्त्री खुर्चीतूनच म्हणाले. "परतेक फरशीला. मागनं बाकीची पांघरुनं."

मी बाहेर येऊन बाईंना फोन लावला. सगळे सांगितले: दार, जर, रफू, पहिला मान. मला वाटले, बाई आता हळव्या होतील.

"ओली होती का?" त्यांनी विचारले.

फोन कानाशी तसाच धरून मी शेडमध्ये परत गेलो, वाकलो आणि शालीवर तळहात ठेवला.

"ओली आहे, बाई."

"मग मुरंल," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.